पन्हाळा मतदारसंघाचा लोप आणि जोतिबाचे प्रतिनिधित्व

१९४९ मध्ये कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. पुढे जोतिबाचे वाडी रत्नागिरी ज्या तालुक्यात मोडते, त्या पन्हाळ्याच्या नावाने विधानसभा मतदारसंघ अस्तित्वात होता. २००१ च्या जनगणनेवर आधारलेल्या २००८ च्या पुनर्रचनेत तो लोपला. तालुका शाहूवाडी व करवीर या मतदारसंघांत विभागला गेला; जोतिबा शाहूवाडीत आला. २००४ मध्ये पन्हाळ्यातून विजयी झालेले विनय कोरे २००९ मध्ये शाहूवाडीतून निवडून आले. २०१४ मध्ये सत्यजित पाटील यांनी त्यांचा अवघ्या ३८८ मतांनी पराभव केला. २०१९ मध्ये कोरे पुन्हा विजयी झाले. लोकसंख्येच्या निकषाने मतमूल्याची समता साधली. तथापि महसूल व पंचायत समितीच्या दृष्टीने एकसंध असलेल्या तालुक्याचे प्रतिनिधित्व मात्र दुभंगले.