सांथीचें गणित

मनुष्याच्या दुःखाची मोजदाद करणें निर्दयपणाचें वाटतें. घरांत मृत्यु झाला म्हणजे त्या घरापुरतें सारें जग शून्य होतें. सरकारी दप्तरांत मात्र तो मृत्यु आठवड्याच्या बेरजेंत मिळून जातो. तथापि अशाच बेरजांतून कधीं कधीं रोगाचा स्वभाव उमगतो आणि पुढील पिढीचे प्राण वांचविण्याची वाट दिसते. मुंबईच्या प्लेगाच्या आंकड्यांचा इतिहास या दृष्टीनें पाहण्याजोगा आहे.

१८९६ च्या सप्टेंबरांत मुंबईच्या मांडवी भागांत डॉ. अकासियो व्हिएगस यांनीं प्लेग ओळखला. थोड्याच महिन्यांत लक्षावधि लोक शहर सोडून गेले. रोग कशानें पसरतो हें कोणास नक्की ठाऊक नव्हतें. म्हणून सरकारनें घरें झडावीं, रोग्यांना ओढून इस्पितळांत न्यावें, भिंती धुवाव्या असा उपाय चालविला. पुण्यांत त्या जुलुमाचा शेवट १८९७ च्या जूनमध्यें रँडसाहेबांच्या खुनांत झाला, हें सर्वश्रुत आहे. अज्ञान केवढें महाग पडतें याचा तो धडाच होता.

प्लेग उंदरांवरील पिसवांमुळें पसरतो असें फ्रेंच वैद्य पॉल-लुई सीमाँ यांनीं १८९८ सालीं कराचीच्या प्रयोगावरून सांगितलें. पण त्यावर फार थोड्यांचा विश्वास बसला. पुढें १९०५ पासून परळच्या प्रयोगशाळेंत नव्या तपासास आरंभ झाला. पिसवा नसतील तर निरोगी जनावर रोगी जनावराशेजारीं ठेवूनहि त्यास लागण होत नाहीं, आणि पिसवांना वाव मिळतांच ती होते, असें तेथें सिद्ध झालें. त्याच सुमारास, १७ डिसेंबर १९०५ पासून २१ जुलै १९०६ पर्यंत, मुंबई बेटांतील प्लेगाच्या मृत्यूंची आठवडेवार नोंद झाली. एकतीस आठवड्यांची ही माळ पुढें जगभर प्रसिद्ध व्हावयाची होती.

इकडे दुसऱ्या एका रोगाच्या निमित्तानें गणित वैद्यकांत शिरत होतें. हिवतापाचे जंतु डांसाच्या पोटांत वाढतात हें १८९७ सालीं सिकंदराबादेस शोधून काढणारे रोनाल्ड रॉस यांच्यापुढें एक आक्षेप होता. सगळे डांस मारणें अशक्य. मग थोडे मारून काय उपयोग? लाहोरजवळील मियां मीर छावणींत डांस कमी करण्याचा प्रयत्न फसला असें टीकाकार म्हणत. रॉस यांनीं समीकरणें मांडून उत्तर दिलें कीं, सगळे डांस मारण्याची गरजच नाहीं. त्यांची संख्या एका ठराविक मर्यादेखालीं आणली म्हणजे हिवताप आपोआप विझत जातो.

याच रॉस यांच्याबरोबर १९०१ सालीं सिएरा लिओनला गेलेले एक तरुण वैद्य होते. त्यांचें नांव अँडरसन मॅकेंड्रिक. इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्यें असतांना ते कसौलीच्या पाश्चर इन्स्टिट्यूटचे संचालक झाले, आणि १९२० सालीं स्वदेशीं परतून एडिंबरोच्या एका वैद्यकीय प्रयोगशाळेचे प्रमुख बनले. तेथेंच त्यांना विल्यम केरमॅक हे रसायनशास्त्रज्ञ सहकारी लाभले. १९२४ सालीं प्रयोगशाळेंतील अपघातांत केरमॅक यांचे दोन्ही डोळे गेले. वय अवघें सव्वीस वर्षांचें. पुढील सारें गणित त्यांनीं दृष्टीवांचून केलें.

१९२७ सालीं या दोघांनीं लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकांत निबंध प्रसिद्ध केला. त्यांचा प्रश्न साधा होता : सांथ थांबते ती लागण होण्याजोगीं माणसें संपतात म्हणून, कीं दुसऱ्या कांहीं कारणानें? त्यांनीं लोकांचे तीन वर्ग कल्पिले : रोग होऊं शकेल असे, सध्यां रोगी असलेले, आणि बरे झालेले किंवा मेलेले. पहिल्या दोन वर्गांच्या गांठीभेटींतून नवी लागण होते.

उदाहरण घ्यावें. आरंभीं एक रोगी सरासरी दोघांना रोग देतो. निम्मे लोक रोगांतून गेले म्हणजे त्याच्या वाट्यास येणाऱ्या दोघांपैकीं एकच नवा सांपडतो. त्यानंतर एकाहूनहि कमी. म्हणजे निम्मे लोक अद्याप अस्पृष्ट असतांनाच सांथीस उतार लागतो. उतारांतहि कांहींना लागण होतच राहते. अखेर १०० पैकीं सुमारें ८० जणांना रोग होऊन जातो, २० सुटतात. सांथ थांबते ती इंधन संपलें म्हणून नव्हे, तर तें विरळ झालें म्हणून. या मर्यादेलाच सांथीचा उंबरठा म्हणतात. लोकसंख्येंत रोगग्राही माणसांची दाटी या उंबरठ्याखालीं ठेवली तर सांथ पेटतच नाहीं. लस टोचण्याच्या मोहिमांमागील हिशेब हाच.

आपल्या समीकरणाची परीक्षा पाहण्यासाठीं त्यांनीं मुंबईची ती एकतीस आठवड्यांची नोंद घेतली. गणिताची रेषा सतराव्या आठवड्यांत, म्हणजे एप्रिल १९०६ च्या मध्यास, आठवड्याला ८९० मृत्यूंपर्यंत चढते आणि तितक्याच रेखीवपणें उतरते. नोंदीचे ठिपके तिला जवळ जवळ चिकटून बसले.

येथेंच सावध होण्याची जागा आहे. प्लेग तर उंदीर आणि पिसवा यांच्याद्वारें पसरतो. माणसाकडून माणसाला होणाऱ्या लागणीचें गणित त्याला लागूं पडावें कसें? खुद्द लेखकांनींच हा प्रश्न लपविला नाहीं. माणसांतील प्लेग हें उंदरांतील प्लेगाचें प्रतिबिंब आहे, असें सांगून त्यांनीं उंदरांविषयीं धरलेलीं गृहीतें एकामागून एक मांडलीं. त्यांपैकीं एकहि काटेकोरपणें खरें नाहीं, म्हणून हें समीकरण फार ढोबळ समजावें, असा कबुलीजबाबहि दिला. पुढें अनेकांनीं ती सुंदर रेषा उचलली आणि कबुलीजबाब मागें ठेवला.

२०१२ सालीं फ्रेंच गणिती निकोला बाकाएर यांनीं तो हिशेब पुन्हा तपासला. मुंबईचा प्लेग दरवर्षीं साधारण त्याच ऋतूंत चढे व पावसाळ्यापूर्वीं ओसरे. तेव्हां १९०६ चा उतार केवळ रोगग्राही प्राणी विरळ झाल्यामुळें आला असें म्हणतां येत नाहीं. हवामानाबरोबर पिसवांचें बळ घटत होतें, हें कारण विसरून चालत नाहीं. रेषा बरोबर, परंतु कारण अपुरें!

२०२० सालीं कोविडच्या सांथींत एका रोग्यापासून किती जणांना लागण होते हा आंकडा घरोघरीं पोहोंचला. त्यामागील तीन वर्गांचें गणित १९२७ सालच्या त्या निबंधांतलेंच. उंबरठ्याची कल्पना आजहि टिकून आहे, कारण ती युक्तीनें सिद्ध झालेली आहे. मुंबईच्या ठिपक्यांवर ती अवलंबून नव्हती. पण ज्या आंकड्यांवरून सरकार दारें बंद करतें किंवा उघडतें, त्यांच्यामागें कोणतीं गृहीतें आहेत हें विचारण्याचा हक्क ज्याचें दार बंद होतें त्याला असतोच. एडिंबरोच्या त्या दोघांनीं न विचारतांच तें सांगून ठेवलें होतें.