ब्रायटनचा किनारा आणि आपली माणसे

सरकारी चाकरीच्या निमित्ताने ज्यांना दर तीन-चार वर्षांनी नव्या गावी बिऱ्हाड थाटावे लागते, त्यांस एक गोष्ट अनुभवाने ठाऊक असते. कोणत्याही गावाची प्रेक्षणीय स्थळांची यादी ही त्या गावाची अर्धीच ओळख होय. राजवाडा कोणी बांधविला हे त्या यादीत असते. तेथे कोण राबले आणि कोण मेले, हे शोधून काढावे लागते. इंग्लंडातील समुद्रकाठच्या गावांना हा नियम इतर कोणत्याही गावांपेक्षा अधिक लागू पडतो, कारण ही गावे मुळी पाहुण्यांसाठीच वाढली. त्यांपैकी ब्रायटन हे सर्वांत प्रसिद्ध. हल्ली मुले-सुना विलायतेत असल्यामुळे आपल्या वाचकांपैकी कित्येकांचे पाय त्या किनाऱ्याला लागतात. तेथे काय पाहावे, याचे उत्तर आम्ही येथे इतिहासाच्या अंगाने देऊ इच्छितो.

लंडनच्या दक्षिणेस सुमारे ८० किलोमीटरांवर असलेले हे गाव अठराव्या शतकाच्या आरंभी ब्राइटहेल्मस्टन नावाची कोळ्यांची वस्ती होती. वादळांनी आणि समुद्राच्या धडकांनी ती खंगत चालली होती. तिचे दैव पालटले ते एका वैद्यामुळे. जवळच्या लूइस गावचा डॉक्टर रिचर्ड रसेल याने १७५० साली लॅटिन भाषेत एक प्रबंध प्रसिद्ध करून असे प्रतिपादिले की, गाठींच्या विकारांवर समुद्राचे पाणी हे औषध आहे. त्या पाण्यात नुसते नाहावयाचे नव्हते, तर ते प्यावयाचेही होते. श्रीमंत रोग्यांची रीघ लागली. चाकांवरच्या लाकडी खोल्या घोड्यांकरवी पाण्यात नेत आणि स्त्रियांना लाटांत बुडवून काढण्याचे काम धिप्पाड कोळिणी करीत. त्यांच्यातील मार्था गन हिचे नाव पुढे सबंध इंग्लंडात गाजले. ती १८१५ साली वारली व सेंट निकोलस चर्चच्या आवारात तिला पुरले. त्या आवाराचा उल्लेख पुन्हा येईल, म्हणून वाचकांनी तो ध्यानात ठेवावा. एवढे मात्र आधीच सांगून ठेवतो की, येथील किनारा वाळूचा नाही, गोट्यांचा आहे. जुहू किंवा गणपतीपुळे मनात धरून अनवाणी चालू पाहणाऱ्याची येथे फजिती होते.

१७८३ साली युवराज जॉर्ज, म्हणजे पुढचा चौथा जॉर्ज, येथे प्रथम आला आणि गावाच्या प्रेमात पडला. हेन्री हॉलंड याने १७८७ मध्ये त्याच्यासाठी ग्रीक-रोमन धर्तीचे एक बेताचे सागरगृह उभारले. पुढे युवराजाची हौस हिंदुस्थानाकडे वळली. विल्यम पोर्डन याने १८०८ पर्यंत सुमारे ६० घोड्यांची एक पागा बांधली. तिचा घुमट ८० फूट व्यासाचा असून तिच्यापुढे धन्याचे घर खुजे दिसू लागले! मग १८१५ ते १८२२ या काळात जॉन नॅश याने त्या जुन्या घरावरच लोखंडी सांगाडे चढवून कांद्याच्या आकाराचे घुमट, मिनार व जाळ्या उभ्या केल्या. हाच रॉयल पॅव्हिलियन. आत शिरावे तर सजावट सारी चिनी धर्तीची. भोजनगृहातील दिव्यांचे झुंबर एका प्रचंड चांदीच्या ड्रॅगनच्या नखांतून लोंबते.

नॅश हिंदुस्थानात कधीही आला नव्हता. त्याच्यापुढे होती ती टॉमस व विल्यम डॅनियल या चुलत्या-पुतण्यांनी काढलेल्या हिंदुस्थानच्या देखाव्यांची चित्रे. याच डॅनियलांच्या चित्रमालेतील एक भाग वेरूळच्या लेण्यांना वाहिलेला असून तो जेम्स वेल्स याच्या रेखाटनांवरून तयार केलेला आहे. सवाई माधवराव व नाना फडणीस यांची चित्रे काढणारा, पुण्यात राहिलेला वेल्स तो हाच. आणि त्याच्या हाताखाली काम करणारा कलावंत म्हणजे पुण्याचा गंगाराम तांबट. पॅव्हिलियनचे घुमट वेरूळवरून घेतले, असे कोणी समजू नये. त्यांचे घराणे मोगली आहे. परंतु ज्या चित्रमालेने इंग्रज वास्तुकारांना हिंदी शिल्पाची गोडी लावली, तिच्यात एका पुणेकराच्या हाताचाही वाटा होता, ही गोष्ट लहान नव्हे.

राजवाड्यावर हिंदी घुमट चढत असतानाच किनाऱ्यावर एक हिंदी गृहस्थ आपल्या हिमतीवर नाव कमावीत होता. शेख दीन मुहम्मद १७५९ साली पाटण्यास जन्मला. कंपनीच्या बंगाल फौजेत चाकरी करून १७८४ मध्ये तो आयर्लंडात गेला, तेथे त्याने आयरिश मुलीशी लग्न केले आणि १७९४ मध्ये आपला प्रवासवृत्तान्त छापला. हिंदी माणसाने इंग्रजीत लिहून प्रसिद्ध केलेले ते पहिले पुस्तक समजले जाते. लंडनमध्ये १८१० साली त्याने हिंदी पदार्थांचे उपाहारगृह काढले; ते दोन वर्षांत बुडाले. तेव्हा तो ब्रायटनला आला आणि त्याने वाफेचे स्नान व अंगमर्दन यांचा धंदा सुरू केला. हिंदीतील ‘चांपना’ या क्रियापदापासून निघालेला ‘शॅम्पू’ हा शब्द इंग्रजांच्या तोंडी रुळविण्यात त्याचा वाटा मोठा आहे. आपण ‘पाय चेपणे’ म्हणतो, तोच त्या शब्दाचा मूळ अर्थ. केस धुण्याशी त्याचा संबंध मागाहून जडला. बऱ्या झालेल्या रोग्यांच्या कुबड्या तो आपल्या स्नानगृहात मांडून ठेवी. चौथा जॉर्ज व चौथा विल्यम या दोन्ही राजांनी त्याला आपला मर्दनवैद्य नेमले होते. १८५१ साली तो वारला. त्याची कबरही सेंट निकोलसच्याच आवारात आहे. लाटांत बुडविणारी कोळीण आणि वाफेत बसविणारा पाटण्याचा गृहस्थ एकाच आवारात विसावले आहेत. ब्रायटनच्या वैभवाचे खरे कारागीर पाहावयाचे असतील, तर राजवाड्याआधी तेथे जावे.

१८४१ साली लंडनहून आगगाडी आली आणि सरदारांचे गाव कारकुनांचे व कामगारांचे झाले. त्यांच्या करमणुकीसाठी १८६६ मध्ये पश्चिमेचा धक्का, १८७२ मध्ये मत्स्यालय, १८८३ मध्ये माग्नुस फोल्क याची विजेची छोटी गाडी आणि १८९९ मध्ये पॅलेस पिअर अशी भर पडत गेली. फोल्कची गाडी चालू असलेल्या विद्युत् रेल्वेंमध्ये जगात सर्वांत जुनी मानली जाते. मुलाबाळांसह तीत अवश्य बसावे. पश्चिमेचा धक्का मात्र १९७५ मध्ये बंद पडला, २००३ मध्ये आगींत जळाला, आणि आज त्याचा लोखंडी सांगाडा तेवढा पाण्यात उभा आहे. व्हिक्टोरिया राणीला ही गर्दी मानवली नाही. तिने गावाकडे पाठ फिरविली आणि १८५० साली राजवाडा ५३,००० पौंडांना गावालाच विकला.

हा विक्रीचा तपशील आम्ही मुद्दाम नोंदविला, कारण पुढच्या कथेचे मर्म त्यातच आहे. १९१४ च्या शरद ऋतूत हिंदी फौजा फ्रान्सच्या रणभूमीवर उतरल्या. २८ ऑक्टोबर १९१४ रोजी न्यूव्ह शापेल येथे खडकीच्या बॉम्बे सॅपर्सच्या दोन कंपन्यांनी शिखांच्या ४७ व्या पलटणीबरोबर हल्ला केला आणि जबर हानी सोसली. जखमी हिंदी शिपायांना आणण्यासाठी ब्रायटनमध्ये रुग्णालये उघडली गेली, आणि त्यांतील एक खुद्द पॅव्हिलियनमध्ये होते. डिसेंबर १९१४ पासून जानेवारी १९१६ पर्यंत संगीतगृहात व भोजनगृहात खाटा होत्या, पागेच्या घुमटाखालीही खाटा होत्या, आणि राजाच्या मुदपाकखान्यात शस्त्रक्रिया होत. जातिधर्माचा विटाळ होऊ नये म्हणून नऊ स्वयंपाकघरे मांडली होती. हिंदूंचे व मुसलमानांचे पाण्याचे नळ वेगळे होते. शिखांसाठी बागेत तंबूचा गुरुद्वारा होता.

या व्यवस्थेचे श्रेय कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु बादशहाने आपला महाल आपल्यासाठी मोकळा केला, अशी जी समजूत शिपायांच्या मनात बिंबली व जी सरकारने आनंदाने पसरू दिली, ती खरी नव्हती. महाल ६४ वर्षांपूर्वीच विकला गेला होता. तो नगरपालिकेचा होता. त्याचे वर्णन करणारी पुस्तिका इंग्रजी, गुरुमुखी व उर्दू भाषांत छापून वाटली गेली. छायाचित्रेही पुष्कळ काढली गेली. हिंदुस्थान राजनिष्ठ राहावा, यासाठी हे घुमट फार उपयोगी पडले.

त्याच गावात दुसरे एक रुग्णालय होते. गोरगरिबांच्या जुन्या आश्रयगृहात उघडलेले ते किचनर रुग्णालय. त्याची छायाचित्रे क्वचितच दिसतात. तेथील प्रमुख कर्नल ब्रूस सीटन याने रुग्ण व हिंदी कर्मचारी यांना आवाराबाहेर पडण्यास कडक बंदी घातली होती. भिंतींवर काटेरी तारा आणि दारांवर पहारे होते. गावातील लोकांशी, विशेषतः स्त्रियांशी, त्यांचा संबंध येऊ नये, हा उद्देश. बरे झालेल्यांना पुन्हा रणभूमीवर धाडण्यात येई, ही तक्रार तर वेगळीच. १९१५ मध्ये तेथील सब-असिस्टंट सर्जन जगू गोडबोले याने या कोंडमाऱ्याने संतापून सीटनवर गोळी झाडण्याचा प्रयत्न केला. सीटन बचावला, गोडबोले तुरुंगात गेला. त्याच्या कृत्याचे समर्थन आम्ही करीत नाही. पण ज्या साम्राज्यासाठी तो घर सोडून हजारो किलोमीटर दूर आला, त्याच साम्राज्याने त्याला कैद्याप्रमाणे कुंपणात ठेवावे, यातील अपमान परगावी चाकरी करणाऱ्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. ब्रायटनच्या रस्त्यांवर त्याच्या नावाची पाटी शोधू नये. त्या रुग्णालयाची इमारत मात्र टेकडीवर अद्याप उभी आहे.

जे बरे झाले नाहीत, त्यांची कथा गावाबाहेर संपते. मृत मुसलमान शिपायांचे दफन वोकिंग येथील शाहजहान मशिदीजवळ होई. ५३ हिंदू व शीख शिपायांचे दहन पॅचमजवळच्या डाउन्स टेकड्यांवर, उघड्या आकाशाखाली, ज्याच्या त्याच्या धर्मविधीने झाले आणि रक्षा समुद्रात सोडली गेली. त्या जागी पांढऱ्या संगमरवराची छत्री उभारली आहे. तिचा आराखडा ई. सी. हेन्रिक्स या मुंबईच्या तरुण वास्तुकाराने काढला. १ फेब्रुवारी १९२१ रोजी युवराज एडवर्ड याच्या हस्ते तिचे अनावरण झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरात पॅव्हिलियनच्या दक्षिणेस हिंदुस्थानच्या वतीने भेट दिलेले गुजराती धर्तीचे प्रवेशद्वार पतियाळाच्या महाराजांनी उघडले. दुसऱ्या महायुद्धात टेकड्यांवर सैन्याचा सराव चाले, तेव्हा छत्रीलाही गोळ्या लागल्या. दहन झालेल्यांची नावे दगडावर कोरून तेथे लावावयास मात्र २०१० साल उजाडावे लागले.

छत्रीपर्यंत मोटार जात नाही. मेंढ्यांच्या कुरणांतून चढत जावे लागते आणि वारा बोचरा असतो. म्हणून आमची सूचना अशी : सकाळी सेंट निकोलसचे आवार पाहावे, मग पॅव्हिलियन, आणि दुपारची वेळ छत्रीसाठी राखावी. पॅलेस पिअर रात्री दिव्यांत अधिक शोभतो. तो शेवटी पाहिला तरी चालेल. छत्रीशेजारच्या दगडावरील त्रेपन्न नावे वाचावयास पाच मिनिटेही लागत नाहीत. ती एकदा मोठ्याने वाचावीत.