नर्मदा-जलमार्ग, नंदुरबार जिल्ह्यातील

नंदुरबार जिल्ह्याच्या अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांच्या उत्तर सीमेवरून नर्मदा वाहते. सातपुडा व विंध्य यांमधील हे पात्र खडकाळ व द्रुतवाही असल्याने पूर्वी तेथे लांब पल्ल्याचे नौकानयन जवळजवळ अशक्य होते. होड्या मुख्यत्वे पैलतीरी जाण्यापुरत्याच वापरीत. सरदार सरोवरामुळे ही स्थिती पालटली. १९९०नंतरच्या दशकात मणिबेलीपासून काठची गावे बुडू लागली, पायवाटा पाण्याखाली गेल्या आणि डोंगरावर सरकलेल्या भिल्ल, पावरा वस्त्यांना होडी हाच रस्ता उरला. शिधा, मतदानयंत्रे, आजारी माणसे यांची ने-आण तीतूनच होऊ लागली. तरंगता दवाखानाही आला. २०१६च्या कायद्याने नर्मदेचा २२६ किमी.चा भाग राष्ट्रीय जलमार्ग (क्र. ७३) ठरला, वस्त्यांची खरी निकड मात्र पक्क्या धक्क्यांची होती. सप्टेंबर २०१९मध्ये जलाशय प्रथमच १३८·६८ मी. या पूर्ण पातळीपर्यंत भरला.

प्रवासास हिवाळा सोयीचा. पाणी भरपूर व संथ असते. इंग्लंडमधील कालव्यांत दरवाजांच्या साहाय्याने पातळी राखतात. येथे ती उन्हाळ्यात उतरते आणि होडी व वस्ती यांमध्ये गाळाचा पट्टा पसरतो. हिवाळाही निर्धोक नसतो. १५ जानेवारी २०१९ रोजी मकरसंक्रांतीस भुषा येथे पूजेसाठी निघालेल्या भाविकांची होडी उलटून काहींचा मृत्यू झाला. तीत क्षमतेहून अधिक माणसे होती.