जुना साठा, नवे जाळे

जुन्या डिस्कपेटीची केबल नव्या स्टोरेज-जाळ्याला लावली की काम करणाऱ्याला एक गोष्ट ठरवावीच लागते. ही डिस्क कोरी समजून सामायिक साठ्यात घ्यायची, की आतल्या डेटासकट आहे तशी? पहिला पर्याय चुकून निवडला तर अनेक वर्षांचे हिशेब काही क्षणांत हाती लागेनासे होतात. हा प्रश्न यंत्रापुढे कसा आला आणि यंत्रे येण्याआधी तो कुठे होता, त्याचा हा मागोवा.

आयबीएमने २००३ मध्ये सॅन व्हॉल्यूम कंट्रोलर बाजारात आणला. हे यंत्र सर्व्हर आणि डिस्कपेट्या यांच्या मधोमध बसते. सर्व्हरला फक्त एक आभासी व्हॉल्यूम दिसतो. खाली पेटी कोणत्या कंपनीची आहे, याच्याशी त्याला कर्तव्य नसते. जुना डेटा आत घेण्यासाठी त्यात ‘इमेज मोड’ ठेवलेला होता. त्यात डिस्कवरचा प्रत्येक ब्लॉक जागच्या जागी राहतो आणि नवी यंत्रणा त्याला फक्त वरून पत्ता देते. एकदा असे जोडून झाले की तोच डेटा, काम चालू असतानाच, हळूहळू नव्या पेटीत नेता येतो. पुढच्याच वर्षी हिताचीने आपल्या मोठ्या स्टोरेज यंत्रातच बाहेरच्या पेट्या जोडण्याची सोय दिली. दोन्हीकडे क्रम एकच: आधी जोडणे, मग हलवणे.

याच्या मागे जायचे तर १९९० च्या दशकात जावे लागते. तोवर डिस्क बहुधा एकाच सर्व्हरला बांधलेली असे, त्यामुळे मालकीचा वादच नव्हता. फायबर चॅनेलचे मानक १९९४ मध्ये ठरले, स्विच आले, आणि अनेक सर्व्हरना एकच डिस्क दिसू लागली. विंडोजचा सर्व्हर काही वेळा समोर दिसणाऱ्या परक्या डिस्कवर स्वतःचे लेबल लिहायला जाई, आणि युनिक्सचे व्हॉल्यूम खराब होत. अशा अनुभवांतून दोन बंधने रूढ झाली. कोणते पोर्ट कोणाशी बोलेल हे स्विचवर ठरवणे म्हणजे झोनिंग, आणि कोणती डिस्क कोणत्या सर्व्हरला दिसेल हे ठरवणे म्हणजे मास्किंग.

बाहेरची पेटी जोडताना अपघात होतो तो नेमका इथे. पेटी मधल्या नव्या यंत्रामागे गेली, पण जुन्या सर्व्हरची थेट वाट कोणी बंद केली नाही, तर एकाच डिस्कवर दोघे लिहू लागतात आणि दोघांनाही एकमेकांचा पत्ता नसतो. म्हणून आधी बॅकअप घ्यायचा, मग सर्व्हरवरचे काम थांबवायचे, कॅशमधले सगळे डिस्कवर उतरू द्यायचे, जुनी वाट काढून टाकायची, आणि त्यानंतरच ती डिस्क फक्त नव्या यंत्राच्या पोर्टना दाखवायची. रस्ते मात्र दोन हवेत, दोन वेगळ्या स्विचांतून.

मला या जोडणीचे मूळ यंत्रांच्याही मागे दिसते, आणि नांदेड-लातूरकडे ते जास्त स्पष्ट दिसते. या मुलखाने जाळे वारंवार बदलले आहे. १९४८ मध्ये निजामाची राजवट संपली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्रात. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होते. स्वतंत्र जिल्हा १९८२ चा. राज्य बदलले, कायदे बदलले, पण दप्तर तेच राहिले: उर्दूतल्या नोंदी, फसली सने, खासरा पत्रके, पाहणी पत्रके, कुळ नोंदवह्या. नवा कारभार त्यांच्यावर उभा राहिला. काही कागद इथल्या तहसिलींत राहिले, काही हैदराबादेत. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीला कुणबी नोंदी शोधायच्या होत्या, तेव्हा उर्दू आणि मोडी वाचणारी माणसे बोलवावी लागली आणि हैदराबादपर्यंत जावे लागले. मराठा आरक्षणाच्या प्रश्नावर कोणाचे मत काहीही असो; शोध शक्य झाला, कारण नवे कागद झाले म्हणून जुने फेकले गेले नव्हते.

पुढची जोडणी सातबाराची. हस्तलिखित सातबारा आधी तालुक्या-तालुक्यांच्या संगणकांत उतरवला गेला, मग ई-फेरफार प्रकल्पात राज्याच्या एका जाळ्यावर आला. उतरवताना नावे चुकली, क्षेत्रे चुकली. २०१७ मध्ये सरकारने चावडी वाचनाची मोहीम घेतली: संगणकातला उतारा गावात मोठ्याने वाचायचा, खातेदारांनी ऐकायचा, चूक सांगायची, मग दुरुस्ती. डिजिटल सहीचा सातबारा १ मे २०१८ रोजी सुरू झाला, तो या तपासणीनंतर. संगणकवाले अशा वेळी चेकसम काढतात. पण चेकसम एवढेच सांगतो की दोन प्रती जुळतात. बांधावरच्या वहिवाटीशी ती नोंद जुळते का, हे चावडीतच कळते. म्हणून मी चावडी वाचनाला वरचा दर्जा देतो.

बँकांचेही तसेच. १९४१ मध्ये निजामाच्या राज्यात स्थापन झालेली हैदराबाद स्टेट बँक पुढे स्टेट बँक ऑफ हैदराबाद झाली. नांदेड-लातूरकडच्या किती घरांची खाती तिच्यात होती! १ एप्रिल २०१७ रोजी ती भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली. कायद्याने ते एका दिवसात झाले. खात्यांचा डेटा त्यानंतर टप्प्याटप्प्याने हलवला गेला.

आणि किल्लारी. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपात घरे पडली, त्यांत माणसांबरोबर त्यांचे कागदही गाडले गेले. दुसरी प्रत त्याच इमारतीत ठेवली तर तिचा उपयोग नाही, हे लातूरला वेगळे समजावून सांगावे लागू नये.

आज या दोन जिल्ह्यांतले साखर कारखाने, सहकारी बँका, महाविद्यालये आपली जुनी यंत्रे बदलत आहेत. त्यांच्या संगणक विभागांना एक विनंती आहे. कोणती डिस्क, कोणते पोर्ट, मालक कोण, हे जोडणीआधी वहीत लिहा. डेटा नव्या जागी गेल्यावर तो रोज वापरणाऱ्या लेखनिकाला, रोखपालाला, परीक्षा विभागातल्या माणसाला उघडून वाचायला सांगा. त्यांनी लेखी होकार दिल्याशिवाय जुनी पेटी पुसू नका.