ऑस्कर मिशो : हरवलेल्या रिळांचा दिग्दर्शक

१९१८ साली लिंकन मोशन पिक्चर कंपनी या कृष्णवर्णीयांच्या चित्रपटसंस्थेला ऑस्कर मिशोच्या 'द होमस्टेडर' या कादंबरीवर सिनेमा काढायचा होता. मिशोनं अट घातली : दिग्दर्शन मीच करणार. सिनेमाचा अनुभव शून्य. कंपनीनं नकार दिला, तेव्हा त्यानं स्वतःचीच कंपनी काढली आणि १९१९मध्ये तो सिनेमा पडद्यावर आणला. आफ्रिकन-अमेरिकन माणसानं दिग्दर्शित केलेला हा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट मानला जातो.

ही धमक आली कुठून? मिशो १८८४ साली इलिनॉयमध्ये जन्मला, तेव्हा अमेरिकेतली गुलामगिरी संपून जेमतेम १९ वर्षं झाली होती. रेल्वेच्या पुलमन डब्यांत पोर्टरचं काम करून त्यानं पैसे साठवले, साऊथ डकोटात जमीन घेतली. शेती बुडाली, तर त्याच अनुभवावर पुस्तकं लिहिली आणि दारोदार फिरून विकली. सिनेमाचं भांडवलही त्यानं असंच उभं केलं. त्याचे शेअर्स घेणाऱ्यांत गोरे शेतकरीही होते.

१९१५मध्ये ग्रिफिथच्या 'द बर्थ ऑफ अ नेशन'नं कू क्लक्स क्लानला नायक करून टाकलं होतं. १९१९च्या उन्हाळ्यात शिकागोत वांशिक दंगल झाली, ३८ माणसं मेली. आणि काही महिन्यांतच, त्याच शहरात, मिशोनं 'विदिन अवर गेट्स' दाखवला. त्यात गोऱ्या जमावानं निरपराध कृष्णवर्णीय कुटुंबाला फासावर लटकवलेलं दिसतं. कृष्णवर्णीय तरुणीवर अत्याचार करू पाहणारा माणूस गोरा आहे. ग्रिफिथचं चित्र मिशोनं नेमकं उलटं केलं होतं. पुन्हा दंगल पेटेल, या भीतीनं सेन्सॉरनं आधी तो अडवला, मग कात्री लावली.

पुढे 'बॉडी अँड सोल'मधून (१९२५) त्यानं पॉल रोबसनला पहिल्यांदा पडद्यावर आणलं. १९२८मध्ये दिवाळं निघालं, तरी १९३१मध्ये तो 'द एक्झाइल' हा बोलपट घेऊन परत आला. १९४८पर्यंत त्यानं ४०च्या आसपास चित्रपट केले. १९५१मध्ये तो गेला.

'विदिन अवर गेट्स' कित्येक दशकं बेपत्ता होता. अखेर एक प्रत सापडली ती स्पेनमध्ये, 'ला नेग्रा' या नावानं. मूळ इंग्रजी पाट्या जवळपास सगळ्या गेलेल्या. स्पॅनिश पाट्यांवरून त्या पुन्हा इंग्रजीत लिहाव्या लागल्या. आज तो इंटरनेटवर फुकट पाहता येतो.

ग्रिफिथच्या सिनेमाला असं शोधावं लागलं नाही. मिशोचे बहुतेक मूकपट मात्र कायमचे गेले. ज्याच्या दिग्दर्शनासाठी त्यानं कंपनी धुडकावली, तो 'द होमस्टेडर'ही त्यातच.