पंप काढलेलं यीस्ट

पाव फुगवणारं यीस्ट दिसतं गरीब, पण औषध सहज अंगी लागू देत नाही. पेशीच्या आवरणातले पंप आत शिरलेलं रसायन उचलून बाहेर फेकतात. आणि गंमत बघा, औषध पेशीत नेमकं कुठे घाव घालतं हे शोधायला यीस्टइतकं सोयीचं दुसरं काही नाही. १९९१ साली बाझेलमध्ये रॅपामायसिनला पुरून उरलेल्या यीस्टमध्येच 'टॉर' जनुकं सापडली. पण त्यासाठी औषध आत टिकायला हवं ना!

म्हणून पंप काढायचे. एक काढला तर दुसरा त्याचं काम उचलतो. (आमच्याकडच्या लग्नकार्यात एक काका दमला की दुसरा कंबर कसतो, तसंच.) २०११ मध्ये यो सुझुकी, फ्रेडरिक रॉथ आणि सहकाऱ्यांनी एबीसी कुळातले १६ पंप एकाच यीस्टमधून काढले. त्यांची युक्ती मला फार आवडते. काढलेल्या जनुकाच्या जागी हिरव्या चमकत्या प्रथिनाचं जनुक बसवायचं, यीस्टची लग्नं लावत राहायची आणि पोरांतली सर्वांत चमकदार निवडायची. जितकं हिरवं, तितके पंप कमी. नाव काय ठेवलं? 'मॉन्स्टर'. इतक्या दुबळ्या जिवाला!

हिवतापाचे परजीवी जुन्या औषधांना दाद देईनासे झालेत, म्हणून नव्या औषधाचा घाव कुठे बसतो हे कळणं मोलाचं. २०१६ साली सिपार्गामिन हे प्रायोगिक औषध याच यीस्टला देऊन पाहिलं. जे तगले त्यांच्यात पीएमए१ हे जनुक बदललेलं निघालं. परजीवीतल्या ज्या प्रथिनावर २०१० मध्येच बोट ठेवलं गेलं होतं, ते याचंच भाऊबंद.