शिळाछाप की खिळे?

आमच्या मासिकासाठी अक्षर बारीक करून पाने वाचवावीत, असा आग्रह सुरू आहे. मला मौलाना आझादांचे ‘अल-हिलाल’ आठवते. १९१२ साली ते कलकत्त्यात निघाले, तेव्हा उर्दू पत्रे बहुधा शिळाछापावर निघत. कातिबाचे देखणे नस्तालीक दगडावर उतरे. आझादांनी मात्र खिळे निवडले, तेही नस्ख वळणाचे. सरावलेल्या डोळ्यांना ते खुपणारच, मलाही खुपते. पण त्याच अंकांत त्रिपोलीच्या युद्धाची छायाचित्रे झळकली. तीन महिन्यांत मागचे सगळे अंक पुन्हा छापावे लागले. नव्या वर्गणीदारांना पूर्ण संच हवा होता, असे आझाद सांगतात. १९१४ मध्ये ते बंद पडले ते जामीनजप्तीमुळे, अक्षरामुळे नव्हे. मी सांगितलेय, हवे तर माझा लेख कापा. अम्मीला वाचता येईल एवढे अक्षर ठेवा.